झाकणाची पोटाकडची बाजू

इंजिनाच्या वरच्या झाकणाला आमच्याकडे टॅपेट कव्हर म्हणतात, आणि ॲम्बेसेडरच्या बाबतीत ते नाव साफ चुकीचं आहे. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, कॅमशाफ्टच्या, डोक्यावर बसणारे छोटे ठोकळे, आणि या इंजिनात ते असतात कुशीत. त्यांची दोन छोटी पत्र्याची झाकणं वेगळीच, मॅनिफोल्डच्या, म्हणजे धुराच्या नळ्यांच्या, खाली, जिथे हात घालायचा म्हणजे मनगट सोलून घ्यायची तयारी ठेवायची. बोनेट उघडल्यावर पहिल्यांदा नजरेत भरतं ते वरचं लांबोडकं झाकण, ते रॉकरचं, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या छोट्या तरफांचं. इंग्रज त्याला रॉकर कव्हर म्हणतात, अमेरिकन व्हॉल्व्ह कव्हर. रत्नागिरीत सुरुवातीला मी एकदा ‘रॉकर कव्हर’ म्हणाले, तेव्हा आमच्या फिटरने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी आमटीला सूप म्हटलंय. तेव्हापासून टॅपेट कव्हर.

मी ही झाकणं बनवते. म्हणजे आखते, बनवणारे हात दुसऱ्यांचे. वर्षाला फार तर सात-आठ. हा काही पोटापाण्याचा धंदा नव्हे, पोटापाण्याला मी इथल्या कारखान्यांची ड्रॉइंगं करून देते. त्याआधी भोसरीला एका टूलरूममध्ये अकरा वर्षं तेच केलं. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन महिने म्हणून रत्नागिरीला आले ती आलेच. बाबांना चालता येत नव्हतं, म्हणून त्यांचं सगळं लक्ष शेडमधल्या गाडीकडे, आणि गाडीकडे बघायला पाठवायची मला.

गाडी म्हणजे मार्क थ्री ॲम्बेसेडर, बाबांनी १९८६ साली सेकंडहँड घेतलेली. समुद्र आमच्या घरापासून दीड किलोमीटरवर. दिसत नाही, पण असतो. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ लोखंडावर बसतं आणि ओल धरून ठेवतं, त्यामुळे इथे पत्रा पावसाळ्यातच नव्हे, बारमाही गंजतो. बाबांच्या गाडीचं टॅपेट कव्हर तेल ओतायच्या बुचापाशी इतकं कुरतडलं होतं की बोटाने दाबलं तर कुरकुरीत पापडासारखं आत गेलं. आतल्या बाजूला दुधाच्या चहाच्या रंगाची साय. गाडी महिनोन् महिने उभी, कधीतरी दहा मिनिटं चालू करून बंद. इंजिन पुरतं तापतच नाही, आतल्या वाफेचं पाणी होतं आणि तेलात फेसाळतं. हा रोग इथल्या निम्म्या जुन्या गाड्यांना असतो, आणि त्यावरचं औषध म्हणजे गाडी पालीपर्यंत तरी फिरवून आणणं. कव्हर बदलून तो जात नाही. हे मी गिऱ्हाइकांना आधीच सांगते. निम्मी गिऱ्हाइकं तिथेच कमी होतात.

पुण्याच्या जुन्या बाजारातून दुसरं पत्र्याचं कव्हर आणलं. बसवलं, तर गळायला लागलं. फिटरने पाना लावून आणखी आवळलं, तर आणखी गळायला लागलं.

या झाकणाची सगळी गोम इथे आहे, म्हणून थोडं थांबून सांगते. ॲम्बेसेडरचं हे १४८९ सीसीचं इंजिन मूळचं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, ‘बी सिरीज’. सुरुवातीच्या ॲम्बेसेडरना साइड व्हॉल्व्हचं, म्हणजे व्हॉल्व्ह कुशीत असलेलं, इंजिन होतं, त्यांना हे वरचं झाकण नव्हतंच. १९५९ पासून हे आलं. यात दीड फूट लांबीचं झाकण फक्त दोन नटांवर बसतं. कडेने बोल्ट नाहीत. मधोमध दोन स्टड वर येतात, त्यावर रबरी बुशिंग, वायसर आणि नट. म्हणजे दाब पडतो मध्यरेषेवर, आणि तेल अडवायचं असतं कडेला, जिथे कॉर्कचं, म्हणजे बुचाच्या लाकडाचं, पॅकिंग दबलेलं असतं. पत्रा जाड वाटतो तो फक्त हातात धरल्यावर. नट जास्त आवळला की नटाखालची जागा खाली बसते, टोकं हळूच वर उचलली जातात आणि ओठ, म्हणजे झाकणाची खालची कड, लहरी घेतो. एकदा लहर आली की ती जात नाही. मग प्रत्येक फिटर आपल्या परीने आणखी एकदा आवळतो. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये याच जातीचं इंजिन, तिच्या मॅन्युअलमध्ये या नटांना चार फूट-पाउंडांचा पीळ सांगितलाय. छोट्या पान्याने, दोन बोटांनी जेवढा जोर लागेल तेवढाच. आमच्याकडचा सर्वांत छोटा पाना हातभर लांबीचा.

आणि मॅनिफोल्डच्या बाजूने गळलं, की तेल थेट तापलेल्या एक्झॉस्टवर. तो जळका वास ज्यांनी लहानपणी ॲम्बेसेडरमधून घाट चढलाय त्यांना वेगळा सांगायला नको. त्यांना वाटतं तो वास घाटाचा.

खरं तर इंग्लंडमधून तयार ॲल्युमिनियमचं झाकण मागवता आलं असतं. एमजीए नावाच्या स्पोर्ट्स कारमध्ये हेच १४८९ सीसीचं इंजिन होतं, एमजीबीत त्याचाच मोठा भाऊ. तिकडे हौशी लोक पुष्कळ, त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. मी का नाही मागवलं? कस्टम ड्युटी वगैरे कारणं मी लोकांना सांगते. खरं कारण एवढंच की अकरा वर्षं दुसऱ्यांच्या वस्तूंची ड्रॉइंगं काढली होती, आणि आता एक ओठ मला माझ्या मनासारखा सरळ करायचा होता.

पहिलं काम मोजमापाचं. बाहेरून मोजणं सोपं. आत मात्र आठ रॉकर वरखाली होत असतात, आणि प्रत्येकाच्या टोकाला टॅपेट सेट करायचा स्क्रू आणि त्याचा नट वर डोकावत असतो. झाकणाची जाडी आत वाढवायची तर त्यांच्या डोक्यावर किती जागा शिल्लक आहे ते कळायला हवं, आणि झाकण लावलेलं असताना आत बघणार कसं? पुस्तकात यासाठी मुलांच्या खेळण्यातली रंगीत माती वापरायला सांगतात. आमच्या आळीत गणपतीची शाळा आहे. आषाढाचा महिना, शाडू मळलेला तयार. मूर्तिकारांनी मूठभर दिला, कशाला हवा ते विचारलं, आणि सांगितल्यावर म्हणाले, “इंजिनात जाऊन आल्यावर परत आणू नकोस हो.”

सुपारीएवढ्या आठ गोळ्या वळल्या, एकेका रॉकरच्या डोक्यावर बसवल्या. झाकणाला आतून तेलाचा हात फिरवला, नाहीतर माती त्याला चिकटते आणि मोजायला खाली काहीच उरत नाही (पहिल्या खेपेला नेमकं तेच झालं). झाकण लावून नट बेताने आवळले. मग फिटरने पुढून हँडल घालून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवलं. दोनच का, तर क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक होतो, आणि तेवढ्यात प्रत्येक रॉकर आपलं वरचं टोक गाठून येतो. झाकण काढलं तेव्हा गोळ्यांच्या चकत्या झाल्या होत्या, प्रत्येकीवर नटाचा षटकोनी ठसा. ब्लेडने उभ्या कापल्या आणि व्हर्निअरने जाडी घेतली. सर्वांत पातळ चकती सहा मिलिमीटरची निघाली, मागून दुसऱ्या रॉकरवरची. त्यातले तीन मी इंजिनाला ठेवले, तीन मला घेतले. माझी सगळी झाकणं अजूनही त्या सहा मिलिमीटरच्या हिशेबावर चालतात, पण प्रत्येक नव्या गाडीला मी परत माती लावते. पन्नास वर्षांत कोणी हेड घासलं, कोणी कसले रॉकर घातले, कोणाला ठाऊक.

पहिल्या झाकणाचं फार सांगण्यासारखं नाही. दणकट झालं, कुरूप झालं, गळलं नाही. बाबांनी ते पाहून “इडलीपात्र” म्हटलं. ओठ मी पुरा आठ मिलिमीटर जाड ठेवला होता, आत पॅकिंग बाहेर सरकू नये म्हणून एक उथळ खाच. ॲल्युमिनियम तापलं की इंजिनाच्या बिडापेक्षा, म्हणजे ओतीव लोखंडापेक्षा, दुपटीने फुलतं. दीड फुटाच्या लांबीत, साठ अंश तापमान चढलं तर दोघांत सुमारे तीन दशांश मिलिमीटरचा फरक पडतो. कॉर्कचं पॅकिंग तेवढं सोसतं, पण खाच फार घट्ट ठेवली तर त्याच्या चिंधड्या होतात.

त्यानंतर लोक यायला लागले, आणि कळलं की झाकणाच्या ओठाबद्दल कोणालाच काही पडलेलं नाही. सगळ्यांना वरच्या बाजूबद्दल बोलायचं असतं.

त्यात त्यांची चूक नाही. इंजिनाचा चेहरा म्हणावा असा भाग तोच. फेरारीने १९५० च्या दशकात आपल्या एका शर्यतीच्या गाडीचं नावच त्यावरून ठेवलं. ‘टेस्टा रोसा’, म्हणजे लाल डोकं, कारण इंजिनावरची झाकणं लाल रंगवलेली. आपल्या भाषेत लालटाळकी. अमेरिकेत गाड्या उकरून वेगवान करणाऱ्या पोरांनी झाकणांवर उभ्या पट्ट्यांच्या ओळी आणल्या, फिन म्हणतात त्या, आणि तेव्हापासून जगभर ‘खास’ झाकण म्हणजे फिनवालं अशी समजूत आहे. त्यांनी इंजिन थंड होतं म्हणतात. होत असेल चार आणे. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाची उष्णता रेडिएटरमधून जाते, वरच्या झाकणाच्या पट्ट्यांतून नव्हे. पट्ट्यांचा खरा उपयोग झाकण ताठ ठेवायला, तोही त्या लांबीच्या दिशेने असतील तर. आणि आमच्याकडे त्यांचा खरा तोटा म्हणजे जांभ्याची धूळ. तेलकट खाचांत ती लाल माती एकदा बसली की दात घासायचा ब्रश घेऊन बसा. मी तीनच पट्ट्या देते. कोणी सात मागितल्या तर ब्रशसुद्धा देते.

कोणाला गणपती हवा असतो, कोणाला वाघ, एकाला स्वतःच्या लग्नाची तारीख. तारखेला मी नाही म्हणाले नाही, फक्त विचारलं की वहिनींना विचारलंत का. ते परत आले नाहीत.

मग पावसचे एक काका आले. आंब्याचे बागायतदार, सत्तरी ओलांडलेली, १९७२ ची मार्क टू, त्यांच्या वडिलांची. हापूसच्या पेट्या वाहून मागच्या सीटखालचे पत्रे गेलेले, पण इंजिन मूळचं. त्यांनी आधी एक शहाणा प्रश्न विचारला: झाकण बदललं तर गाडीचं व्हिंटेजपण जाईल का? केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचा नियम आणला, त्यात गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नसावेत असं आहे. दोन नटांवरचं झाकण हा माझ्या मते मोठा फेरफार नव्हे, पण माझ्या मताला आरटीओत किंमत नाही. म्हणून मी प्रत्येकाला मूळ झाकण तेलाच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवायला सांगते. दहा मिनिटांत परत चढतं.

काकांना त्यावर फक्त गावाचं नाव हवं होतं. “पावस. बास. मराठीत.”

मला वाटलं सोपं आहे. तीन अक्षरं, एक काना. वेलांटी नाही, उकार नाही, अनुस्वाराचा ठिपका नाही, जो घासता घासता हमखास नाहीसा होतो. पण ओतकामात अक्षर म्हणजे वाळू. लाकडी नमुन्याभोवती वाळू ठोकून बसवतात, नमुना अलगद वर काढतात, आणि मागे राहिलेल्या पोकळीत धातू ओततात. ‘व’च्या गाठीच्या आत जी बंद जागा आहे, तिथे वाळूचा एक एकटा खांब उभा राहतो. नमुना काढताना तो मोडला की ‘व’चा डोळा बुजतो. ‘स’च्या पोटात एक गाठ आणि पुढे आडवा दांडा, तिथे वाळू चिमटीत सापडते. म्हणून अक्षराच्या भिंती सरळ ठेवून चालत नाहीत, किंचित उतरत्या ठेवाव्या लागतात, खाली रुंद, वर अरुंद. मोठ्या नमुन्याला एक-दीड अंश उतार पुरतो, पण ‘व’च्या डोळ्यासाठी मी तीन अंश दिला आणि डोळाही नेहमीच्या अक्षरापेक्षा मोठा केला. कागदावर तो ‘व’ जरा भाबडा दिसत होता. धातूत बरा दिसतो.

आणि शिरोरेषा. रोमन अक्षरं सुटी सुटी उभी राहतात, एकेक वेगळं चिकटवल्यासारखी. आपल्याकडे वरून एक सलग पट्टी जाते आणि अक्षरं तिला लटकतात. मला एकदम लक्षात आलं की ही पट्टी म्हणजे फिनच आहे. झाकणाच्या लांबीच्या दिशेने, दोन नटांच्या मधोमध, जिथे पत्रा खाली बसतो नेमक्या त्या जागी एक ताठ दांडा, आणि तोही फुकट, नावासकट. त्या रात्री मी तीन फिन पुसून टाकल्या आणि शिरोरेषा दोन्ही बाजूंनी नटांपर्यंत ओढली. स्वतःवर इतकी खूश झाले होते की बाबांना उठवून दाखवलं. बाबा म्हणाले, “कुठल्या बाजूने वाचायचं?” हा प्रश्न मी विचारातच घेतला नव्हता. झाकण गाडीत पुढून मागे आडवं पडलेलं, म्हणजे वाचणारा एका कुशीला उभा असणार. प्लग आणि डिस्ट्रिब्युटर उजवीकडे, ड्रायव्हरच्या बाजूला. गाडीवाला तिथेच उभा राहतो. मॅनिफोल्डच्या बाजूला उभं राहायची हौस कोणाला नसते. मी अक्षरं उलट बाजूने लावली होती. फिरवली.

नमुना पहिल्यांदा पुण्याच्या भाच्याने थ्रीडी प्रिंटरवर काढून दिला. एप्रिल महिना. एसटीच्या पार्सलने आला, तो सोडवून मी भाट्याच्या पुलापलीकडे एका कामाला गेले आणि तासाभराने परतले, तर मागच्या काचेखाली ठेवलेला नमुना आंबोळीसारखा मऊ होऊन सीटच्या वळणावर बसलेला. ते प्लॅस्टिक साठ अंशाच्या आसपास नरमतं आणि बंद गाडीत कोकणातला एप्रिल तेवढं सहज करतो. यावरून यंत्राला नावं ठेवण्यात अर्थ नाही. दुसऱ्यांदा काढून घेता आला असता. पण तेवढ्यात मिरकरवाड्याकडचे मेस्त्री आठवले.

मेस्त्री होड्यांचे. हल्ली फायबरच्या होड्या आल्यापासून त्यांच्याकडे दुरुस्तीची कामं जास्त, नवं बांधकाम कमी. मी ड्रॉइंग पसरलं. त्यांनी ते बाजूला सारलं आणि बाबांच्या गाडीचं जुनं इडलीपात्र हातात घेऊन पालथं-उताणं केलं.

“पालथी होडी की ही,” ते म्हणाले. “आतून किती पातळ पाहिजे?”

“पाच मिलिमीटर.”

“शिवण घेऊ. साग नको.”

शिवणीचं लाकूड हलकं, आणि एकदा मुरलं की पावसाळ्यातही वाकत-फुगत नाही. नमुन्यासाठी याहून दुसरा गुण नको. माप मात्र ड्रॉइंगचंच लागणार होतं, त्यावर मी हटून बसले. ॲल्युमिनियम थिजून गार होताना मीटरला साधारण तेरा मिलिमीटर आकसतं, म्हणजे दीड फुटाच्या झाकणाचा नमुना जवळजवळ सहा मिलिमीटर लांब करावा लागतो. मेस्त्रींनी ऐकून घेतलं, डोक्याला हात लावला नाही. ओलं लाकूड आकसतं हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती, धातूही आकसतो एवढीच भर. मग अक्षरांपाशी येऊन थांबले.

“उलटं कोरू की सुलटं?”

ते मोदकाचे, खोबऱ्याच्या वड्यांचे साचेही कोरतात, त्यात सगळं उलटं. इथे वाळूत उलटं होऊन धातूत पुन्हा सुलटं येतं, म्हणून नमुना सुलटा. “सुलटं,” मी म्हणाले. तेव्हा ते उत्तर पुरं बरोबर होतं.

ओतकाम कोल्हापूरला. इथून ॲल्युमिनियम ओतणारी, शिवाय एकदोन नगांसाठी दारात उभं करणारी जागा म्हणजे उद्यमनगरातल्या छोट्या फाउंड्र्या. नाणीज, साखरपा, आंबा घाट, मलकापूर. नमुना मांडीवर घेऊन एसटीने गेले. धातू ठरवला एलएम ६, दहा ते तेरा टक्के सिलिकॉन असलेला. साच्यात नीट पसरतो आणि खाऱ्या हवेत टिकतो, म्हणून बोटींच्या भागांसाठीही वापरतात. वाळू ‘ग्रीन सँड’. हिरवी नसते, ओल्या नारळाला आपण ओला म्हणतो त्या अर्थाने ग्रीन. आणि महिना जुलैचा, कारण काकांना गाडी गणपतीच्या आधी तयार हवी होती, आणि मी हो म्हणून बसले होते.

जुलैत ओतू नये. वितळलेलं ॲल्युमिनियम मिळेल तिथल्या पाण्यातून हायड्रोजन ओढून घेतं आणि थिजताना तो टाकायला बघतं. वाट मिळाली नाही की धातूत सुईच्या टोकाएवढी भोकं. भट्टीवाले गॅस काढायची गोळी टाकतात, वाळू चाळून बेताची ओली करतात, तरी हवाच भिजलेली असेल तर किती पुरे पडणार. हे सगळं मला माहीत होतं, त्यांनीही सांगितलं होतं. तरी ओतलं.

झाकण दिसायला देखणं आलं. ‘व’चा डोळा उघडा, शिरोरेषा धारदार. मी घरी आणलं आणि पडवीत परीक्षेला बसवलं. ही परीक्षा जुनी आहे: बाहेरून खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून लावायची, वाळली की पांढरा फटक थर बसतो. मग झाकण उताणं करून, नटांची आणि बुचाची भोकं बंद करून, आत रॉकेल भरायचं आणि रात्रभर ठेवायचं. जिथे धातू सच्छिद्र असेल तिथून रॉकेल पाझरतं आणि खडूवर काळपट ओल उमटते. रॉकेल हल्ली औषधालासुद्धा मिळत नाही, बाबांच्या कंदिलासाठी साठवलेल्या कॅनमधलं घेतलं.

सकाळी सहाला उठून बॅटरीने पाहिलं. पाच डाग. शिरोरेषेच्या कडेला, एका ओळीत, मोहरीएवढे. एक ‘पा’च्या काठीखाली, एक कान्याखाली, एक ‘व’खाली आणि दोन ‘स’पाशी.

मी फाउंड्रीत फोन केला, जरा चढ्या आवाजातच. वाळू ओली होती, मी म्हटलं नव्हतं का, वगैरे. फोनवर तिथले जुने मोल्डर होते, त्यांनी शांतपणे डाग कुठे कुठे आहेत ते विचारून घेतलं. मग म्हणाले, “ताई, वाळूचा दोष असता तर कुठंबी आला असता. ह्यो तर रांगेत आलाय.”

फोन ठेवला आणि ड्रॉइंग उघडलं. रांगेतच आला होता. झाकणाची भिंत पाच मिलिमीटर. तिच्यावर शिरोरेषा आणखी पाच. आणि जिथे अक्षराची काठी शिरोरेषेला मिळते तिथे दोन्ही दिशांनी धातू एकवटलेला. पातळ भाग आधी थिजतो, जाड गाठ शेवटी, आणि ती आकसत असताना तिला धातू पुरवणारं आजूबाजूला कोणी वितळलेलं उरत नाही. गाठीच्या पोटात बारीक पोकळ्या राहतात. ज्या शिरोरेषेवर मी खूश होऊन बाबांना झोपेतून उठवलं होतं, तिनेच पाच ठिकाणी भोकं पाडली होती. पावसाळा होताच, पण तो फक्त साक्षीदार.

उपाय सोपा होता आणि मला तो आधीच सुचायला हवा होता. वर जेवढा उंचवटा, आतून तेवढीच खाच. म्हणजे भिंतीची जाडी सगळीकडे सारखी, गाठ कुठे नाही, सगळं बरोबरीने थिजेल. शिवाय माझे ते तीन मिलिमीटर आतून वाया जात नाहीत, रॉकरला उलट जास्तच जागा मिळते. मी नमुना घेऊन परत मेस्त्रींकडे गेले. शिरोरेषा आणि काठ्यांच्या पाठीमागून कोरायचं होतं, आणि पाच मिलिमीटरच्या लाकडात चूक करायला जागा नव्हती. त्यांनी नमुना उताणा धरून उजेडाकडे केला.

“म्हणजे आता उलटं,” ते म्हणाले.

गोल पटाशीने तीन दिवस कोरत होते. त्यांच्या शेडबाहेर होड्या झावळ्यांखाली शाकारून ठेवलेल्या, पाऊस धरलेला. मी दोनदा जाऊन बसले. एकदा त्यांनी ‘व’ची गाठ कोरायची का विचारलं, मी नको म्हटलं, ती इतकी बारीक की तिथे धातू साठत नाही. त्यामुळे आतून जे झालं ते धड ‘पावस’ नाही. एक आडवी रेघ आणि तिला लटकलेल्या काठ्या, उलट्या क्रमाने.

गणपतीला काकांची गाडी जुन्याच झाकणाने, जुनाच वास घेऊन गेली. मी फोन करून सांगितलं तेव्हा ते फक्त “बरं” म्हणाले, जे मला रागावण्यापेक्षा जड गेलं. दुसरं ओतकाम दसऱ्यानंतर, घाटात गवत पिवळं पडायला लागलं तेव्हा. याही वेळी रॉकेल, खडू, रात्र. सकाळी थर कोरडा पांढरा.

बसवायला पावसला गेलो, मी आणि फिटर. अक्षरांचे माथे घासून चकचकीत केलेले, मागची जमीन काळी. नटाखाली रबर आणि ग्रीस, म्हणजे लोखंड आणि ॲल्युमिनियम खाऱ्या ओलीत एकमेकांना थेट भेटायला नकोत. काकांनी ड्रायव्हरच्या बाजूला उभं राहून वाचलं, खिशातून रुमाल काढून ‘स’वरचा माझ्या बोटाचा ठसा पुसला, आणि चहा सांगायला आत गेले.

महिन्याभराने टॅपेट सेट करायला पुन्हा गेलो. पॅकिंग बसल्यावर एकदा बघावं लागतं. फिटरने नट काढले, झाकण उचललं आणि खळ्यात वर्तमानपत्रावर कडेवर तिरकं टेकवून ठेवलं. पोटाकडची बाजू माझ्याकडे. तेलाने सगळं आतून मधाच्या रंगाचं झालं होतं. ती आडवी खाच पन्हळीसारखी भरली होती. तेल तिच्यातून हळूहळू खालच्या टोकाला येत होतं, तिथे थेंब धरत होतं, आणि कागदावर पडत होतं. एक, मग बऱ्याच वेळाने दुसरा. इंजिनावर असताना हा थेंब कुठे पडत असेल ते मी मनात मोजलं. पाचव्या रॉकरच्या आसपास.

“रोज पुसायला लागेल काय हे आतून?” काकांनी विचारलं.

“नाय ओ,” फिटर म्हणाला. त्याने फट मोजायच्या फिलर गेजच्या पात्यांतून पंधरा थाऊचं, म्हणजे पंधरा हजारांश इंचाचं, पातं वेगळं केलं. या इंजिनाचा हिशेब नवाचा: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला की पहिला सेट करायचा, सहावा दाबला की तिसरा, बेरीज नऊ.

“हँडल मारा काका,” तो वाकून म्हणाला. “सावकाश. आठवा येऊ दे.”